तीनशे सत्तर मीटर

पहिलीच गोष्ट स्पष्ट सांगून टाकतो. त्या रविवारी मी चुकलो नव्हतो. ज्यांना हे ऐकायचं नसेल त्यांनी खुशाल पान उलटावं, माझं काही अडत नाही. पण ऐकायचं असेल तर पूर्ण ऐका, कारण लोकांनी अर्धवट ऐकलं म्हणूनच मला तीन महिने कपाटात कोंडलं होतं.

मी जीपीएस बोलतोय. मोबाईलच्या पोटातला नाही, तो वेगळा. मी स्वतंत्र, मुठीत मावणारा, डोंगरात पायी फिरणाऱ्यांसाठी बनवलेला. अंगावर पिवळा पट्टा, कडेला सहा बटणं, पोटात दोन पेन्सिल सेल. आभाळातल्या उपग्रहांचं ऐकून तुम्ही पृथ्वीवर नेमके कुठं उभे आहात ते सांगायचं, आणि जायचंय तिकडं बाण दाखवायचा, एवढं माझं काम. तर्री पोहे कुठं चांगले मिळतात ते मला विचारू नका.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. हातमोजे घातलेल्या मुलींनी माझे स्क्रू पिळले, मला थरथरत्या टेबलावर ठेवलं, मग एका गरम पेटीत ठेवलं आणि पास केलं. ती म्हणे कडक उन्हाची परीक्षा. पुढं मी मे महिन्यात नागपूरला उतरलो, तेव्हा कळलं की ती परीक्षा वगैरे काही नव्हती.

सीताबर्डीवरच्या एका दुकानात मी आठ महिने काचेआड बसून काढले. लोक यायचे, मला हातात घ्यायचे, उलटंपालटं करायचे आणि म्हणायचे, "हे तर मोबाईलमधी असते ना, मंग हे डबडं कायले?" दुकानदार मान डोलवायचा आणि त्यांना मोबाईलचं कव्हर विकायचा. डबडं म्हणाले मला. सातपुड्याच्या दरीत जा म्हणावं एकदा, टॉवरच्या चार दांड्यांतली एक तरी दिसते का बघा, आणि मग बोला. पण मी काचेच्या आत होतो आणि माझं कोण ऐकणार?

एका दुपारी चौघं आली. पुढं गोपाळराव. इतवारीत त्यांचं भांड्यांचं दुकान, वय सदुसष्ट, आणि 'पायपीट मंडळ' नावाच्या रविवारी डोंगर चढणाऱ्या मंडळींचे ते अध्यक्ष. त्यांच्यामागं मंडळाचा सेक्रेटरी मोहित, कॉम्प्युटर कंपनीतला इंजिनीअर. तिसरी, भूमिका नावाची मुलगी, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारी. आणि तिच्यासोबत तिची आई, पंचफुलाबाई. मंडळासाठी एक यंत्र घ्यायचं होतं. दुकानदारानं काउंटरवर दोन ठेवली. एक मी, आणि दुसरा माझ्या दुप्पट मोठा, रंगीत काचेचा, बोट फिरवलं की नकाशा सरकणारा.

"काका, हाच घ्या," मोहित त्या मोठ्याला उचलून म्हणाला. "बटणांचा जमाना गेला. सिम्पल आहे."

गोपाळरावांनी आधी मला कानाशी नेलं आणि बोटाच्या पेरानं ठोकलं, गंज, म्हणजे पातेलं, घेताना ठोकतात तसं. मग दुकानदाराला म्हणाले, "एक बालटी पाणी आणा." त्यानं बिचाऱ्यानं वॉरंटीचं काहीतरी काढलं. "डब्यावर लिवलं हाये ना, पाण्यात चालते म्हणून? मंग चालू द्या ना," म्हणत त्यांनी आम्हा दोघांनाही बालटीत सोडलं. आम्ही दोघंही चालू राहिलो. खरं ते सांगतो, त्या मोठ्याचा नकाशा माझ्यापेक्षा देखणा होता. मी खोटं बोलत नाही, आणि माझं सगळं भांडण त्यावरच आहे.

"हे मागच्या माणसाजवळ राहणार," गोपाळराव हात पुसत म्हणाले. "म्हणजे पंचफुलाबाईजवळ. त्याइले चालवू द्या."

मंडळात सगळ्यात मागं चालायचं काम पंचफुलाबाईंचं होतं. कोणी थकलं, कोणाची चप्पल तुटली, कोणी फोटो काढत रेंगाळलं, की मागचा माणूस त्याला घेऊन येतो. तरुणांना ते नको असतं, त्यांना पुढं पळायचं असतं. पंचफुलाबाईंनी ते आपणहून घेतलेलं. त्या भिवापूरच्या. तीस वर्षं मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे जिथं लाल मिरची पसरून बाया बसून देठ खुडतात त्या मैदानावर, त्यांनी काम केलं. मुलगी नागपुरात नोकरीला लागली तेव्हा तिच्यासोबत आल्या. संध्याकाळी टेम्पो निघायच्या आधी सगळ्या बाया मोजून घ्यायची त्यांची जुनी सवय, ती डोंगरातही सुटली नाही.

त्यांनी आधी मोठ्याच्या काचेवर बोट ठेवलं. काहीच झालं नाही. दुसरं बोट ठेवलं, अंगठा ठेवला, तरी नकाशा जागचा हलेना.

"काकू, तुमच्याकडं बोटच नाही वाटतं," मोहित हसला.

"राशनच्या मशीनले बी नाई वाटत," त्या म्हणाल्या. "मिरचीनं खाल्ले सगळे ठसे. मी हावो, पण मशीनले मी दिसत नाई."

मग त्यांनी मला उचललं. बोटं कोरडी, कडक, सुपारीसारखी. एक बटण दाबलं, टक. दुसरं, टक. पाचव्या मिनिटाला त्यांना बाणाचं पान सापडलं. आणि मला माझा माणूस सापडला. हे मी काही लाजून सांगत नाही. तुमच्यातलंही कोणी कोणाला पहिल्यांदा भेटतं तेव्हा असंच होत असेल.

"हेच," गोपाळराव म्हणाले. "ज्याच्या हाती राहणार त्याच्या हातानं निवडायचं." मोहितचं तोंड उतरलं, पण खोक्यात मला त्यानंच नीट बसवलं.

पुढची दोन वर्षं काय विचारता. मी त्यांच्या कमरेला सुतळीनं बांधलेला असायचो. सातवी शिकलेली बाई, पण इंग्रजी अक्षरं जुळवत बसायचा त्यांना कंटाळा. माझ्याकडं लहान लहान चित्रं आहेत, ती त्या वापरायच्या. पाणी दिसलं की थेंब. सावली असली की झाड. वाट फुटली की झेंडा. थांबलो तिथं बटण दाबून खूण ठेवायची, हे त्यांच्या अंगवळणी पडलं. आज माझ्या पोटात एकशे चार थेंब आहेत, सगळे त्यांचे. सेल संपले तर कुठल्याही खेड्यातल्या किराणा दुकानात मिळायचे, चार्जर शोधत फिरा ही भानगड नाही.

माणसांच्या सवयी मला तिथं कळल्या. निघताना सगळे म्हणतात, आज सावकाश जाऊ, आणि पहिल्या चढाला शर्यत लावतात. पाणी जपून प्या म्हणतात आणि दहा वाजता बाटली रिकामी करतात. रस्ता माहीत आहे असं जो सगळ्यात मोठ्यानं सांगतो त्याला तो माहीत नसतो. आणि पुढं चालणाऱ्याचा फोटो निघतो, मागं चालणाऱ्याचा निघत नाही.

पण एक गोष्ट होती. प्रत्येक थांब्यावर पुढचे लोक उभे राहायचे आणि मागं बघायचे. पंचफुलाबाई येऊन एकेक डोकं मोजायच्या आणि हात वर करून म्हणायच्या, "मंडळी पुरी. चाला." त्यांनी म्हटल्याशिवाय कोणी पाऊल टाकायचं नाही, असा मंडळाचा नियम. तीस वर्षं ज्या बाईला दुसऱ्यांनी ऊठ म्हटलं की उठावं लागलं, तिच्या एका शब्दासाठी इंजिनीअर, दुकानदार, मास्तर सगळे थांबायचे. हे त्यांना किती आवडायचं ते मला ठाऊक आहे. त्यांचा हात वर जायचा तेव्हा मी त्यांच्या कमरेलाच असायचो.

आता त्या रविवारचं.

मार्चचा महिना. नरखेड तालुक्यात मनोहरराव म्हणून संत्र्याचे बागायतदार आहेत. त्यांच्या बगिच्यामागच्या टेकड्यांत एक बारमाही झरा आहे, तिथवर जायचं ठरलं. मोजणीवाल्यांनी काढून दिलेला झऱ्याचा ठिकाणा, म्हणजे अक्षांश-रेखांशाचे आकडे, मनोहररावांकडं होता, तो त्यांनी एका कागदावर लिहून पाठवला. तो माझ्यात भरायला मोहित मला गुरुवारी घरी घेऊन गेला. शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या एका हातात मी, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनवर ऑफिसचं काहीतरी तापलेलं. त्यानं कागद बघितला, पटापट आकडे टाकले आणि मला बॅगेत फेकलं. रविवारी पहाटे बसमध्ये मी पंचफुलाबाईंच्या हातात आलो.

एकोणीस माणसं. प्रत्येकाजवळ दोन बाटल्या, कारण दुपारी झऱ्यावर भरायच्या होत्या. साडेअकराला मी वाजलो. ठिकाण आलं. समोर कोरडा नाला, त्यात गोटे आणि वाळलेली पानं. थेंबभर पाणी नाही.

"मोहितभाऊ," पंचफुलाबाई म्हणाल्या, "हे म्हणून राहिलं इथंच हाये. पण उंबराचे शेंडे तर त्या टेकडीच्या धारेपल्याड दिसून राहिले. उंबराखाली ओल असते."

"काकू, आता झाडं पाहून चालायचं का? तुम्ही काही दाबलं तर नाही ना?"

असं म्हणून मोहित नाल्यानं खाली निघाला आणि सगळे शोधत त्याच्यामागं गेले. तास गेला. ऊन डोक्यावर आलं, बाटल्या संपल्या. आणि गोपाळराव एका दगडावर बसले ते उठेनात. घाम यायचा थांबला होता आणि ते दुकानातल्या नोकराला हाका मारत होते, जो तिथं नव्हता. भूमिकानं त्यांची नाडी धरली आणि तिचा चेहरा बदलला. "आई, पाणी पाहिजे. आत्ता," ती म्हणाली.

पंचफुलाबाईंनी कोणाला विचारलं नाही. सहा बाटल्या पदरात बांधल्या आणि एकट्या टेकडीची धार चढून उतरल्या. पलीकडं तीन उंबर, आणि त्यांच्या मुळाशी झरा. बाटल्या भरल्या. धापा टाकत होत्या, तरी सवयीनं बटण दाबलं. थेंब. मग परत आल्या आणि गोपाळरावांच्या डोक्यावर, मानेवर, काखेत पाणी ओतलं. मनोहररावांचा ट्रॅक्टर येऊन त्यांना खाली नेईपर्यंत ते ओळख देऊ लागले होते. दवाखान्यात तीन दिवस राहिले आणि घरी आले.

मला वाटलं, आता या बाईचा सत्कार होईल. कसला सत्कार. पुढच्याच आठवड्यात बैठक झाली. गोपाळराव अंथरुणावर, त्यामुळं बैठकीत नव्हते. मंडळाची एक जाड वही आहे, प्रत्येक फेरीचा वृत्तान्त तिच्यात लिहितात. मोहितनं लिहिलं आणि वाचून दाखवलं: 'पंचफुलाबाईंच्या हातून यंत्राचं बटण चुकीचं दाबलं गेल्यामुळं रस्ता चुकला.' पाणी त्यांनीच आणलं, हेही लिहिलं, त्याच्या खाली. सगळ्यांना ते पटलं, कारण पटवून घ्यायला सोपं होतं. मोहित दुष्ट नाही. त्याला मनापासून वाटत होतं की आपण चुकूच शकत नाही. यापेक्षा दुष्ट माणूस परवडला.

"आता काकूंनी मधी चालावं, आरामात," तो म्हणाला. "मागं कोणीतरी यंग पाहिजे. आणि पावसाळ्याआधी नवीन मशीन घेऊ."

भूमिका खाली बघत होती. पंचफुलाबाईंनी मला सुतळीतून सोडलं आणि टेबलावर ठेवलं. दारातून निघताना त्या मुलीला म्हणाल्या, "दाबलं बी असंन वं माह्याच हातून. बोटाले कळत नाई माह्या." हे मी बॅगेत टाकला जात असताना ऐकलं. मला बोलता आलं असतं तर तिथूनच ओरडलो असतो. बटणं मला चांगली कळतात. तुम्ही काही दाबलं नव्हतं, बाई.

मग तीन महिने गोपाळरावांच्या दुकानातलं कपाट. माझ्या एका बाजूला जुनी बिलबुकं, दुसऱ्या बाजूला कुकरच्या शिट्ट्या. सेल काढून ठेवलेले. मी झोपलो होतो म्हणा, पण रागात झोपलो होतो. ऐका, मी अचूक आहे असा माझा दावा नाही. दाट झाडीत, खोल दरीत मी पाच-दहा मीटर इकडंतिकडं होतो, कबूल. पण टेकडीच्या अलीकडचं पलीकडं करणारा मी नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कपाट उघडलं. समोर पंचफुलाबाई. गोपाळरावांना म्हणत होत्या, "शेठ, एक डाव पाहू द्या मले. माह्यं चुकलं असंन तर कुठं चुकलं ते तं समजू द्या." गोपाळरावांनी नवे सेल घातले. मी जागा झालो, आणि त्या कडक बोटांनी बटण दाबलं, टक.

त्यांनी खुणांचं पान काढलं. सगळ्यात खाली दोन खुणा. शेवटची थेंबाची, रविवारी दुपारी ठेवलेली, खरा झरा. तिच्या वरची मोहितनं भरलेली. प्रत्येक खुणेखाली ती कधी ठेवली त्याची तारीख आणि वेळ मी लिहून ठेवतो. ते माझं कामच आहे. तेरा मार्च, सात वाजून बारा मिनिटं. पंचफुलाबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मागं उलटली. "तेरा म्हणजे शुक्रवार. शुक्रवारी माह्याजवळ हे नव्हतं, शेठ." दोन खुणांमधलं अंतर काढलं. मी दाखवलं: तीनशे सत्तर मीटर. त्यानंतर त्या खुणेला कोणाचाही हात लागलेला नव्हता.

गोपाळराव खुर्चीत सरळ बसले. मनोहररावांचा कागद मोहितनं परत दिल्यापासून त्यांच्या डायरीत होता. त्यांनी चष्मा लावला. रेखांश जुळला, त्यात सेकंद शून्यच होते. मग अक्षांश वाचला, "एकवीस अंश, एकोणतीस मिनिटं, तीस सेकंद." माझ्या पडद्यावर होतं, एकवीस अंश, एकोणतीस पॉइंट तीनशे. "शेवटचं शून्य सोडा, तीसच तर हाये दोन्हीकडं," ते म्हणाले.

पंचफुलाबाईंनी कागदावरच्या सेकंदांवर बोट ठेवलं. "हे सेकंद घड्याळावानीच का, शेठ? साठाचा एक मिनिट?"

"हो, घड्याळासारखेच."

"म्हणजे तीस सेकंद म्हणजे अर्धा मिनिट." त्या उठल्या. इतवारीत भांडी वजनावर विकतात, त्यामुळं काउंटरवर आकडे दाखवणारा काटा होताच. त्यांनी अर्ध्या किलोचं वजन उचलून काट्यावर ठेवलं. काट्यावर आलं शून्य पॉइंट पाचशे. "सातऱ्यावर मी तीस वर्षं हा काटा पायला, शेठ. अर्धा किलो म्हणजे पॉइंट पाचशे. आन् घड्याळात अर्धा म्हणजे तीस. हे मशीन काट्यावानी लिवते. त्याले मोहितभाऊनं घड्याळाचे तीस टाकून देले."

गोपाळराव काट्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं, मग त्यांच्याकडं. "पंचफुलाबाई, तुमी मले पाणी पाजलं आन् मी ती वही वाचून बी गप रायलो," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला त्यांनी नंतर या म्हणून सांगितलं.

रविवारी बैठक होती, नवं यंत्र निवडायची. मोहितनं तेच मोठं, काचेचं आणलं होतं. गोपाळरावांनी आधी मला टेबलावर ठेवलं, शेजारी काटा ठेवला आणि म्हणाले, "आधी हे ऐका." पंचफुलाबाईंनी जसं दुकानात सांगितलं तसंच सांगितलं, आवाज न चढवता. मोहितनं मला घेतलं, तारीख बघितली, आकडे बघितले. त्याचे कान लाल झाले.

"हो, फॉरमॅट चुकला माझा," तो म्हणाला. "सॉरी काकू. पण छोटी चूक आहे, होऊन जाते."

"चूक लहान हाये, मोहितभाऊ," पंचफुलाबाई म्हणाल्या. "मले मागून उठवलं, ते लहान नाई. वहीत माह्यं नाव लिवलं, ते लहान नाई. तुमचं बोट मशीनले दिसते. म्हणून तुमचं चुकतच नाई, असं कोणी सांगितलं तुमाले?"

भूमिका उठून आईच्या शेजारी जाऊन उभी राहिली. गोपाळरावांनी वही मोहितपुढं सरकवली आणि पेन दिलं. त्यानं जुनी ओळ खोडली नाही, पंचफुलाबाईंनीच खोडू दिली नाही. त्या म्हणाल्या, "राहू द्या, दोन्ही दिसू द्या." त्याच्या खाली त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'आकडा मी चुकीचा भरला,' आणि सही केली.

मंडळानं नवं यंत्र घेतलंच. घेऊ द्या. ते आता मोहितजवळ असतं, पुढं. मी मागं असतो. माझा पट्टा फिका पडला आहे, काचेवर तीन ओरखडे आहेत, सेलचं झाकण सैल झालंय म्हणून त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला आहे. मला डबडं म्हणायचं तर म्हणा. पण यंत्र घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला त्याचे गुण विचारत बसू नका. ते ज्याच्या हातात राहणार आहे त्याला सोबत न्या आणि त्याच्या बोटाला चालवू द्या. आणि कधी रस्ता चुकला, तर मागच्या माणसाकडं बोट दाखवायच्या आधी आपण काय भरलं होतं ते एकदा बघा. मी सगळं तारखेसकट जपून ठेवतो. माझ्याशी पंगा घेऊ नका.

मागच्या रविवारी पुन्हा त्याच झऱ्यावर गेलो. यावेळी पंचफुलाबाईंच्या थेंबावर. धारेच्या माथ्यावर मोहित थांबला, त्यानं हात आडवा करून सगळ्यांना थांबवलं आणि मागं वळून बघितलं. खाली उंबर दिसत होते, पाण्याचा आवाज येत होता, सगळ्यांना तहान लागली होती. पण कोणी पाऊल उचललं नाही. पंचफुलाबाई सावकाश वर आल्या. एकेक डोकं मोजलं. गोपाळरावांचं दोनदा मोजलं.

"पुरी का, काकू?" मोहितनं विचारलं.

त्यांनी मला कमरेवर नीट केलं आणि हात वर केला. "मंडळी पुरी. चाला."